चवीपुरतें मीठ : मंडळीसाठीं आरोग्याचा एक पाठ

शास्त्रभाग : २ राजे २:१९–२२, शास्ते ९:४५, दानीएल १:८–१६, १ करिंथ ६:१९, २०.

पाठाचा हेतु : मीठ ही देवाची देणगी असून ती मापानें वापरावयाची आहे हें समजून घेणें, आणि प्रत्येक घरानें आपल्या मिठाचें माप पाहण्यास आरंभ करणें.

उपदेशक बंधूंस सूचना : हा पाठ घेतांना मिठाची एक किलोची पुडी व चहाचा एक लहान चमचा बरोबर न्यावा. दोन्ही वस्तु लोकांच्या दृष्टीस पडल्या म्हणजे पुढील हिशेब सहज समजेल.

प्रस्तावना

पवित्र शास्त्रांत मिठाचा उल्लेख पुष्कळ ठिकाणीं आहे. लेवीयाच्या दुसऱ्या अध्यायांत प्रत्येक अन्नार्पणाबरोबर मीठ असावें असा नियम आहे. अळणी पदार्थ कोणास रुचेल, असा प्रश्न ईयोब आपल्या दुःखांत करितो. डोंगरावरील प्रवचनांत प्रभूनें आपल्या शिष्यांस मिठाचीच उपमा दिली. आपल्या लोकरीतींतहि मिठाला मान आहे. पंगतींत पानावर पहिल्यानें मीठ वाढतात, आणि ज्याचें अन्न खाल्लें त्याच्या मिठाला जागावें असें आपण म्हणतों. तेव्हां मीठ वाईट आहे असें सांगण्यासाठीं हा पाठ लिहिलेला नाहीं. चांगली वस्तु मापाबाहेर गेली म्हणजे काय होतें, एवढेंच आम्हांस दाखवावयाचें आहे.

१. दोन हातांतील मीठ

यरीहो नगराचे लोक अलीशा संदेष्ट्याकडे आले. नगराची जागा चांगली होती, पण पाणी वाईट होतें व भूमि निष्फळ झाली होती. संदेष्ट्यानें एक नवें पात्र मागविलें, त्यांत मीठ घालावयास सांगितलें, आणि झऱ्यापाशीं जाऊन तें मीठ पाण्यांत टाकिलें. परमेश्वरानें तें पाणी निर्दोष केलें. आतां दुसरी गोष्ट पाहा. अबीमलेखानें शखेम नगर घेतलें, तेथील लोकांस मारिलें, नगर जमीनदोस्त केलें, आणि त्यावर मीठ पेरिलें. शेतकरी बंधूंस ह्याचा अर्थ फोड करून सांगावयास नको. ज्यांच्या जमिनींत खार फुटला आहे, त्यांस तेथें पिकाची काय दशा होते तें ठाऊक आहे.

पदार्थ एकच. एका ठिकाणीं तो लहानशा पात्रांत होता व त्याबरोबर जीवन आलें. दुसऱ्या ठिकाणीं तो नगरभर पेरला गेला व मागें ओसाडी राहिली. अलीशाचा चमत्कार देवाच्या सामर्थ्याचा होता, मिठाच्या गुणाचा नव्हे, हें विसरूं नये. तरी एकच देणगी कोणाच्या हातीं व किती मापानें आहे ह्यावर किती अवलंबून असतें, हें ध्यानांत ठेवण्यास ह्या दोन गोष्टी उपयोगी पडतात.

२. शरीरांत मीठ काय करितें

मीठ हें सोडियम व क्लोराइड ह्या दोन द्रव्यांचें बनलेलें आहे. वजनानें पाहिलें तर मिठांत पांचांपैकीं दोन भाग सोडियम असतें. आपले स्नायु व मज्जातंतु ह्यांच्या कामास तें अवश्य आहे; परंतु ती गरज फार थोडी आहे. अधिक झालेलें सोडियम मूत्रपिंडें लघवीवाटे बाहेर टाकितात. तें रोजच प्रमाणाबाहेर पोटांत जाऊं लागलें म्हणजे शरीरांत पाणी धरून ठेवितें, रक्ताचें आकारमान वाढतें, आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरील दाबहि वाढतो. शेताच्या पाटांत मावेल त्याहून अधिक पाणी रोज सोडीत गेलें, तर त्याचे कांठ आधीं झिजतात आणि एके दिवशीं कोठें तरी फुटतात. शरीरांतहि कांहींसें तसेंच घडतें. मेंदूंतील रक्तवाहिनी फुटली किंवा तुंबली म्हणजे अर्धांगवायु होतो; त्यालाच आपण लकवा म्हणतों. हृदय व मूत्रपिंडें हींहि ह्याच दाबानें हळूहळू थकतात.

ह्यांत मोठा धोका असा कीं वाढलेला दाब बहुधा दुखत नाहीं. माणूस शेतांत जातो, औत धरितो, प्रार्थनेस येतो, आणि आंत दाब वाढतच असतो. वरचा आंकडा १४० किंवा खालचा ९० पुन्हा पुन्हा भरूं लागला म्हणजे रक्तदाब वाढला असें डॉक्टर समजतात. यंत्रानें मोजल्यावांचून तो कळत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें, अति सोडियम खाण्याशीं संबंध असलेले मृत्यु जगांत दरवर्षीं सुमारें १८ लाख ९० हजार होतात.

३. एका घरांत आम्हीं काय पाहिलें

आमच्या एका मंडळींतील वडील बंधु पेरणीच्या आधीं शेतांत पडले. वय अजून पन्नाशीच्या आंत. उजवा हात व पाय गेला, वाचा अडखळूं लागली. ज्यांच्या आवाजावर सारी मंडळी गीत उचलीत असे, ते आतां खाटेवर बसून नुसते ओठ हालवितात. दवाखान्याच्या खर्चांत एक बैल गेला, आणि ऐन पेरणींत औत शेजाऱ्याकडून मागून आणावें लागलें. दोन वर्षांपूर्वीं आरोग्य उपकेंद्रांत त्यांचा रक्तदाब वाढल्याचें निघालें होतें. गोळ्या मिळाल्या होत्या. पण कांहीं दुखत नाहीं म्हणून महिन्याभरानें त्यांनीं त्या सोडून दिल्या.

आम्ही भेटीस गेलों असतां त्यांच्या सूनबाईनें बोलतां बोलतां सांगितलें कीं एक किलो मिठाची पुडी त्यांच्या घरीं वीस दिवसांत संपते. घरांत खाणारीं माणसें पांच, आणि लोणच्यापापडाचें मीठ वेगळें. भाजी रोज परवडत नाहीं. मग भाकरीबरोबर ठेचा, लोणचें, नाहीं तर सुकट. घरधन्याच्या ताटांत कोपऱ्याला मीठ वाढण्याची रीत सासूबाईंच्या वेळेपासून चालत आलेली.

त्या बंधूंचा विकार एकट्या मिठानेंच झाला असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. औषध सोडलें होतें, तंबाखूहि होती. परंतु तो हिशेब ऐकून आमची मान खालीं गेली. त्या घरीं आम्ही किती वेळां जेवलों! पाळकसाहेब आले म्हणून माउलीनें पापड भाजावे, लोणचें वाढावें, आणि आम्हीं वर आणखी मीठ मागून घ्यावें. दारूविषयीं त्या घरांत आम्ही पुष्कळ बोललों. ताटांतील मिठाविषयीं एक शब्दहि बोललों नाहीं. शरीर हें पवित्र आत्म्याचें मंदिर आहे असें प्रेषित पौल करिंथकरांस लिहितो. त्या मंदिराची राखण करण्यांत स्वयंपाकघर येत नाहीं, असें आम्हांस आजवर कां वाटावें?

४. पुडीचा हिशेब

मोठ्या माणसानें दिवसाकांठीं सर्व मिळून ५ ग्रॅमहून कमी मीठ खावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. ह्यांत भाजी, आमटी, लोणचें, पापड, बाजारचा खाऊ, सर्व कांहीं आलें. लहान मुलांस ह्याहून कमी पाहिजे. आपल्या देशांत २०१७–१८ सालीं जी राष्ट्रीय पाहणी झाली, तींत प्रौढ माणसें सरासरी सुमारें ८ ग्रॅम मीठ रोज खातात असें आढळून आलें.

आपल्या भाषेंत ‘चवीपुरतें मीठ’ असा सुंदर शब्द आहे. परंतु जीभ जशी लावावी तशी लागते. जिला रोज खारट मिळतें, तिला खारट तेंच बेताचें वाटतें. म्हणून जिभेला साक्षीला न बोलावतां पुडीला बोलवावें. ज्या दिवशीं नवी पुडी फोडाल त्या दिवशींची तारीख तिच्यावर लिहा, आणि ती संपल्याची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहा. माणशीं ५ ग्रॅम धरिल्यास एक किलोची पुडी चार मोठ्या माणसांस ५० दिवस, पांच माणसांस ४० दिवस, सहांस सुमारें ३३ दिवस, आणि आठांस २५ दिवस पुरली पाहिजे. दोन लहान मुलें अजमासें एका मोठ्या माणसाबरोबर धरावीं. गुरांस घातलेलें मीठ हिशेबांतून वगळावें. लोणच्यासाठीं काढलेलें मात्र वगळूं नये, कारण तेंहि शेवटीं ताटांतच येतें.

वर सांगितलेल्या घरांत पांच माणसांची पुडी वीस दिवसांत संपत होती. म्हणजे माणशीं १० ग्रॅम, मापाच्या दुप्पट. हा हिशेब करण्यास डॉक्टर नको, यंत्र नको, पैसाहि नको. पाश्चात्य देशांत पुष्कळसें मीठ कारखान्यांत तयार झालेल्या अन्नांतून येतें, तें घरच्या बाईच्या हातीं नसतें. आपल्या खेड्यांत मात्र बहुतेक मीठ आपल्याच चुलीपाशीं पडतें. म्हणून तें कमी करणेंहि आपल्याच हातीं आहे.

५. दुसऱ्या देशांतील खेड्यांची साक्ष

कोणी म्हणेल, एवढ्याशा मिठानें काय होणार? ह्याला दोन देशांतील शेतकरी लोकांचें उदाहरण आहे.

जपान देशाच्या उत्तरेस अकिता नांवाचा भातशेतीचा प्रांत आहे. हिवाळ्यांत तेथें फार बर्फ पडतें. ताजी भाजी मिळत नसे, म्हणून लोक भाज्या व मासे मिठांत मुरवून ठेवीत आणि सोयाबीनच्या खारट आंबवणाचें सार रोज पीत. १९५० च्या सुमारास तेथील शेतकरी माणशीं दररोज २५ ग्रॅमहून अधिक मीठ खात, आणि अर्धांगवायूनें कर्तीं माणसें मध्यम वयांतच मरत. १९५१ पासून १९८० पर्यंत साऱ्या जपानांत मृत्यूचें पहिलें कारण हाच विकार होता. पुढें गांवोगांव रक्तदाब मोजूं लागले, औषधें मिळूं लागलीं, मीठ कमी करण्याची शिकवण घरोघर गेली, आणि घरांत शीतपेट्या आल्यामुळें अन्न खारविण्याची गरजहि उरली नाहीं. त्यानंतर ह्या विकारानें होणारे मृत्यु पुष्कळच घटले. श्रेय एकट्या मिठाचें नाहीं. पण मिठाचाहि त्यांत वांटा आहे.

दुसरें उदाहरण चीन देशाचें. तेथील ६०० खेड्यांत २०,९९५ माणसांवर एक मोठा प्रयोग झाला व त्याचा निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. हीं माणसें एक तर पूर्वीं अर्धांगवायु होऊन गेलेलीं, किंवा साठीच्या वरचीं व रक्तदाब वाढलेलीं होतीं. अर्ध्या खेड्यांतील लोकांस नेहमींच्या मिठाऐवजीं असें मीठ दिलें, ज्यांत चारांपैकीं तीन भाग साधें मीठ व एक भाग पोटॅशियम क्लोराइड होतें. बाकीच्यांनीं आपलें नेहमींचें मीठ चालू ठेविलें. सरासरी पावणेपांच वर्षांच्या अंतीं, मीठ बदललेल्या खेड्यांत अर्धांगवायूचें प्रमाण शेंकडा १४ नीं व मृत्यूंचें प्रमाण शेंकडा १२ नीं कमी भरलें. चूल तीच होती. पुडींतील मीठ तेवढें बदललें होतें.

अशा प्रकारचें कमी सोडियमचें मीठ आपल्याकडेहि शहरांतील दुकानांत मिळतें. परंतु एक सूचना ध्यानांत ठेवावी. ज्यांचीं मूत्रपिंडें बिघडलीं आहेत, त्यांच्या शरीरांत पोटॅशियम सांचून जिवास धोका होऊं शकतो. रक्तदाबाच्या कांहीं औषधांनींहि पोटॅशियम वाढतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२५ सालीं अशा मिठाची शिफारस केली, ती केवळ प्रौढांसाठीं केली. गरोदर स्त्रिया, मुलें व मूत्रपिंडाचे रोगी ह्यांस तींतून वगळिलें. म्हणून डॉक्टरांस विचारल्यावांचून तें घेऊं नये. साधेंच मीठ कमी करणें हा सर्वांस खुला असलेला मार्ग आहे.

६. घरांत काय करावें

पहिलें : ताटांत वेगळें मीठ वाढण्याची रीत बंद करावी. पाहुण्यांसाठींहि ती नको.

दुसरें : मीठ मुठीनें किंवा चिमटीनें न घालतां लहान चमच्यानें घालावें. पहिल्या पंधरवड्यांत नेहमींच्या मिठाचा आठवा हिस्सा कमी करावा, पुढच्या पंधरवड्यांत आणखी तेवढाच. एकदम अर्धें केल्यास घरांत भांडण होईल व तिसऱ्या दिवशीं सर्व पूर्वपदावर येईल.

तिसरें : भाकरीच्या पिठांत व भातांत मीठ घालूं नये. पुष्कळ घरांत तें घालीत नाहींतच; ज्या घरांत घालतात त्यांनीं सोडावें.

चौथें : लोणचें, पापड व खारविलेल्या मिरच्या ह्या वस्तु रोजच्या न ठेवितां सणावारीं खाव्या. सुके बोंबील व खारे मासे दोन-तीन वेळां पाण्यांत भिजवून तें पाणी टाकून द्यावें, आणि कालवणांत मीठ घालण्यापूर्वीं चव पाहावी. कोंकणांतील भगिनींनीं कोकमाच्या आगळांत मीठ असतें हें लक्षांत घ्यावें. पापडखार व खाण्याचा सोडा ह्यांतहि सोडियम आहेच.

पांचवें : मीठ काढलें त्या जागीं दुसरी चव द्यावी. लिंबू, चिंच, कोकमाचीं सोलें, कच्चा कांदा, लसूण, आलें, कोथिंबीर, जिरें, भाजलेल्या तिळाची किंवा शेंगदाण्याची चटणी, ह्यांनीं थोड्या मिठांत जेवण रुचकर होतें. घराच्या मागें सांडपाण्यावर शेवग्याचें एक झाड, अळू, चार वेल भाजीचे लावावे. भाजी नाहीं म्हणून गरीब माणूस मीठमिरचीवर भाकरी खातो. म्हणून मीठ कमी करा एवढें सांगून आपलें काम संपत नाहीं, भाजी पिकविण्यासहि एकमेकांस साह्य केलें पाहिजे.

सहावें : दुकानांतील शेव, फरसाण, वेफर व तयार शेवयांबरोबर येणारी मसाल्याची पुडी मुलांच्या हातीं रोज देऊं नये. पाकिटावर सोडियमचा आंकडा असतो. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ, असा हिशेब शाळेंत जाणाऱ्या मुलांस शिकवावा. तींच घरांतील मोठ्यांस वाचून दाखवितील.

७. नेहमींच्या शंका

‘आम्ही उन्हांत घाम गाळतों, आम्हांस जास्त मीठ नको काय?’ घामांतून मीठ जातें हें खरें. परंतु उन्हांत काम करण्याची संवय झाली म्हणजे शरीर घामांतील मीठ आपण होऊनच वांचवूं लागतें, आणि जें जातें तें बहुधा साध्या जेवणांतून भरून निघतें. शेतकऱ्यास अधिक गरज पाण्याची आहे. मात्र हगवण, वांती किंवा ऊन लागून आलेली ग्लानि ह्यांत मीठ तोडूं नये. तेव्हां आरोग्य केंद्रांतील क्षारांची पुडी द्यावी; ती नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून पाजावें.

‘सैंधव किंवा काळें मीठ चालेल काय?’ त्यांतहि बहुतेक भाग तेंच मीठ आहे. नांव बदलल्यानें दाब उतरत नाहीं.

‘मग आयोडीनचें मीठ सोडावें काय?’ कधींहि नाहीं. आयोडीन नसल्यास गलगंड होतो, आणि गरोदर स्त्रीला तें न मिळाल्यास मुलाची बुद्धि खुंटते. मीठ थोडें वापरा, पण जें वापराल तें आयोडीनयुक्तच वापरा, व डबा झांकून कोरड्या जागीं ठेवा.

‘मीठ कमी केलें, आतां गोळ्या सोडूं काय?’ डॉक्टरांनीं सांगितल्यावांचून एक दिवसहि सोडूं नका. वरच्या घरची गोष्ट पुन्हा वाचा. मीठ कमी करणें औषधाला हात देतें, त्याची जागा घेत नाहीं.

८. मंडळीनें काय करावें

दानीएल व त्याचे सोबती ह्यांनीं राजाचें मिष्टान्न नाकारिलें, तेव्हां त्यांनीं कारभाऱ्याशीं वाद घातला नाहीं. दहा दिवस पाहा, मग ठरवा, एवढेंच त्यांनीं मागितलें. आम्हीहि मंडळ्यांकडे एवढेंच मागतों. दहा दिवस पुरणार नाहींत, कारण जिभेला नवी चव अंगवळणीं पडण्यास कांहीं आठवडे लागतात. म्हणून दोन महिने पाहा. त्यानंतर जुन्या मापाची भाजी एक दिवस करून चाखा; तीच तुम्हांस खारट लागेल.

महिला मंडळानें प्रत्येक घरची पुडी किती दिवस पुरली हें एका वहींत लिहावें. कोणाचा अंक मोठा म्हणून त्याची थट्टा करूं नये. प्रीतिभोजनाच्या व हंगामाच्या सणाच्या स्वयंपाकांत मीठ मापून घालावें, व पंगतींत वेगळें वाढूं नये. वडीलवर्गानें आशाताईंस किंवा उपकेंद्रांतील परिचारिकेस विनंती करून महिन्यांतून एका रविवारीं उपासनेनंतर तिशीवरील सर्वांचा रक्तदाब मोजवून घ्यावा, आणि ज्यांस गोळ्या चालू आहेत त्यांची त्या दिवशीं प्रेमानें विचारपूस करावी. आणि पाळक व उपदेशक बंधूंनो, आरंभ आपल्यापासून करूं. ज्या घरीं जेवावयास बसाल तेथें पहिलें वाक्य असें बोला : ‘माउली, मीठ वाढूं नका, आहे तेंच गोड आहे.’ आमच्या अनुभवानें सांगतों, ह्यानें कोणाचा अपमान होत नाहीं. उलट पुढच्या खेपेस ती माउली आपण होऊन आपल्या पुडीचा हिशेब सांगते.

त्या वडील बंधूंच्या घरची पुडी आतां छत्तीस दिवस पुरते. चाळीस व्हावयास अजून चार उणे आहेत. सूनबाई तारीख कोळशानें दारामागें लिहिते. बंधूंचा हात परत आला नाहीं; पण गोळी रोज घेतली जाते, आणि गेल्या रविवारीं गीताच्या शेवटच्या ओळीस त्यांचा आवाज थोडासा ऐकूं आला.

मनन करण्यासाठीं प्रश्न

१. अलीशाच्या हातांतील मीठ व अबीमलेखाच्या हातांतील मीठ ह्यांत भेद काय?
२. वाढलेला रक्तदाब दुखत नाहीं. मग तो कसा कळावा?
३. तुमच्या घरीं मोठीं माणसें किती? एक किलोची पुडी किती दिवस पुरली पाहिजे, व किती दिवस पुरते?
४. गेल्या आठवड्यांत पुडीबाहेरचें मीठ कोणकोणत्या वस्तूंतून घरांत आलें?
५. ज्या घरीं भाजी मिळत नाहीं त्या घरासाठीं आपली मंडळी काय करूं शकेल?

प्रार्थनेचे विषय : अर्धांगवायूनें अंथरुणास खिळलेल्या बंधुभगिनींसाठीं व त्यांची सेवा करणाऱ्यांसाठीं, जिभेवर ताबा मिळावा म्हणून, बोलतांना आणि जेवतांनाहि, आणि रोजच्या भाकरीसाठीं उपकार मानून ती मापानें खाण्याची सुबुद्धि प्रत्येक घरास मिळावी म्हणून.